पडद्यावरील खिडक्यांचें नर्तन

यंत्रानें निमूटपणें काम करावें, नटूं-मुरडूं नये, अशी पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांची समजूत असते. संगणकाच्या पडद्यावरील एखादी खिडकी मिटतांना ती पिळवटून, निमुळती होऊन, दिव्यांत शिरणाऱ्या जिनाप्रमाणें तळच्या पट्टींत नाहींशी झाली, कीं घरांतील मुलें टाळ्या पिटतात आणि वडील मंडळी कपाळास आठ्या घालून म्हणतात, "हा वेळेचा व विजेचा अपव्यय नव्हे तर काय?" दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे. लिनक्स प्रणालीवर हे दृश्यपरिणाम कसे उत्पन्न होतात, ते घरच्या संगणकावर कसे बसवावे, आणि कोठें हात आखडता घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विषय वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. पण तो आज पुष्कळ घरांच्या दाराशीं येऊन उभा राहिला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार संपला. नवीन प्रणालीच्या अटींत न बसणारे, परंतु अंगानें धडधाकट असे संगणक त्यामुळें अडगळींत टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. अशा यंत्रांपैकीं बऱ्याचशांवर लिनक्स सुखानें चालतो आणि त्यासाठीं एक पैही मोजावी लागत नाहीं. मात्र घरांतील तरुण मंडळींस नवी प्रणाली रुक्ष वाटली, तर ती तेथें टिकत नाहीं. आणि वृद्धांस ती भोंवळ आणणारी वाटली, तरीही टिकत नाहीं. एक धड यंत्र वांचवावयाचें कीं मोडींत काढावयाचें, हा प्रश्न कधीं कधीं अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवरच येऊन ठेपतो.

अलातचक्र

जळतें कोलीत हातांत धरून गरगर फिरविलें म्हणजे अंधारांत अग्नीचें एक अखंड कडें दिसतें. वास्तविक तेथें कडें नसतें. एकच ठिणगी क्षणोक्षणीं जागा बदलीत असते. या अलातचक्राचा दृष्टांत आपल्याकडे इतका जुना आहे, कीं गौडपादाचार्यांनीं माण्डूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणास 'अलातशान्ति' असेंच नांव दिलें आहे. आचार्यांस त्यावरून तत्त्वज्ञान सांगावयाचें होतें. आपल्यास त्यांतील व्यवहार पुरे. चलच्चित्रपट याच दृष्टिभ्रमावर उभा आहे, आणि संगणकाचा पडदाही.

चित्रपटांत दर सेकंदास २४ स्थिर चित्रें दाखविण्याची रूढि आहे. संगणकाचा साधारण पडदा सेकंदास ६० वेळां नवें चित्र दाखवितो. म्हणजे एका चित्रास सुमारें साडेसोळा सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्या अवधींत पुढील चित्र तयार झालें, तर खिडकी लोण्यावरून सरकल्यासारखी सरकते. झालें नाहीं, तर ती अडखळते व डोळ्यांस शीण देते. सगळ्या शोभेचें मर्म या एवढ्या वेळांत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

एक पाटी आणि अनेक कागद

लिनक्सवर पडदा सांभाळण्याचें काम पुष्कळ वर्षें 'एक्स' नांवाच्या व्यवस्थेकडे होतें, आणि कांहीं ठिकाणीं तें अद्यापही आहे. ती १९८४ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जन्मास आली व १९८७ सालीं तिची अकरावी आवृत्ति निघाली. तिची मूळची रीत शाळेंतील फळ्यासारखी होती. फळा एक आणि लिहिणारे दहा. प्रत्येक खिडकी त्या एकाच फळ्यावर आपापलें चित्र काढी. वरची खिडकी बाजूस सारली, कीं तिच्याखालीं झांकलेला भाग पुसलेलाच असे. तेव्हां खालच्या खिडकीच्या मालकास, म्हणजे त्या कार्यक्रमास, "बाबा रे, तुझा एवढा भाग पुनः काढ" असा निरोप धाडावा लागे. तो कार्यक्रम दुसऱ्या कामांत गुंतलेला असला, तर पडद्यावर खिडकीच्या मागें तिच्याच कडांचे फरांटे उठत. जुन्या संगणकांवर हा प्रकार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तो चांगला आठवत असेल.

२००४ सालीं निघालेल्या एक्स-ऑर्गच्या ६.८ या आवृत्तींत 'कॉम्पोझिट' नांवाची जोड आली. ती सिद्ध करण्यांत किथ पॅकार्ड यांचा मोठा हात होता. या जोडीनें रीतच पालटली. आतां प्रत्येक खिडकीस स्वतःचा निराळा कागद मिळाला. ती आपलें संपूर्ण चित्र त्या कागदावर, पडद्याआड, काढून ठेवते. मग 'संयोजक' नांवाचा एक कार्यक्रम हे सगळे कागद एकावर एक रचून पडद्यावर दिसणारें एकच चित्र तयार करतो, आणि हेंच काम सेकंदास ६० वेळां करूं शकतो. कागद समग्र हातीं आल्यावर त्याचें काय करावें, ही संयोजकाची मर्जी. तो त्यास सांवली देईल, अर्धपारदर्शक करील, मुडपील, किंवा घनाकृतीच्या एका बाजूस चिकटवील.

यास लागणारी शक्ति थोडी नव्हे. १९२० बिंदु रुंद व १०८० बिंदु उंच अशा पडद्यावर एकंदर २०,७३,६०० बिंदु असतात. प्रत्येकास ४ बाइट धरले, तर पडदाभर खिडकीच्या एका कागदास ८२,९४,४०० बाइट लागतात, आणि तो सेकंदास ६० वेळां नव्यानें मांडावयाचा तर जवळ जवळ ५० कोटि बाइटांची हलवाहलव होते. मुख्य गणकयंत्रावर हा भार टाकला, तर तें धापा टाकूं लागतें. म्हणून हें काम चित्रणासाठीं असलेल्या निराळ्या गणकाकडे, ज्यास ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात त्याकडे, सोंपविलेलें असतें. मुलांच्या खेळांसाठीं तो यंत्रांत आधींच बसविलेला होता. एरव्हीं तो पुष्कळ वेळ रिकामाच बसून असतो.

थरथरणारी खिडकी आणि हूकचा नियम

या दृश्यपरिणामांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे थरथरणारी खिडकी. माऊसनें तिचें एक टोंक धरून ओढलें, कीं ती ओल्या धोतराप्रमाणें मागून लोंबत येते व सोडल्यावर हेलकावे घेऊन स्थिर होते. यांत चेटूक नाहीं. शाळेंतील पदार्थविज्ञान आहे. खिडकीवर आडवे चार व उभे चार असे १६ बिंदु कल्पिलेले असतात. प्रत्येकास वजन आहे असें मानावयाचें, आणि शेजारच्या बिंदूंशीं तो अदृश्य स्प्रिंगांनीं बांधला आहे असें धरावयाचें. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणांत ती मागें ओढते, हा रॉबर्ट हूकचा १६७८ सालीं प्रसिद्ध झालेला नियम येथें अक्षरशः पाळला जातो. त्यास घर्षणाची जोड दिली, म्हणजे हेलकावे हळूहळू विरतात. घर्षण कमी केलें, तर खिडकी पुष्कळ वेळ डुलत राहते; स्प्रिंग कडक केली, तर ती झटकन सरळ होते. हे दोन्ही आंकडे वापरणारास स्वतः बदलतां येतात. शाळेंत जो नियम पाठ म्हणून दाखविला, तोच आंकडा बदलतांच डोळ्यांपुढें वागून दाखवितो. मुलास याहून चांगली प्रयोगशाळा फुकट कोठें मिळणार?

एका कुळाची फूट आणि मेळ

लिनक्सवर या कलेचा डंका वाजविला तो 'कॉम्पिझ' नांवाच्या संयोजकानें. डेव्हिड रेव्हमन यांनीं नॉव्हेल कंपनींत असतांना तो रचला व २००६ सालच्या आरंभीं लोकांपुढें आणला. घनाकृति डेस्कटॉप फिरतांना पाहून त्या काळीं लोक थक्क झाले. विंडोज व्हिस्टाची अर्धपारदर्शक शोभा सामान्य गिऱ्हाइकांच्या हातीं २००७ च्या जानेवारी अखेरीस आली. लिनक्सवाल्यांनीं तत्पूर्वींच हा खेळ मांडला होता, याचा त्यांस अभिमान वाटे.

पण उत्साह आला कीं मतभेदही येतात. कांहीं कर्त्या मंडळींस कॉम्पिझची चाल मंद वाटली. २००६ सालच्या सप्टेंबरांत त्यांनीं वेगळी चूल मांडून तिचें नांव 'बेरिल' ठेविलें. बेरिल हें एका रत्नाचें नांव. आणि तो शब्द ग्रीक व लॅटिन भाषांतून फिरत गेला असला, तरी त्याचें मूळ आपल्या प्राकृत 'वेरुलिय' व संस्कृत 'वैडूर्य' या शब्दांशीं जोडलेलें आहे. नव्या घरांत शोभा अपार झाली. दोन्ही घरांत तीच तीच कामें दोनदां होऊं लागलीं, हें पुढें सर्वांच्याच ध्यानांत आलें आणि २००७ सालीं दोन्ही शाखा 'कॉम्पिझ फ्यूजन' या नांवानें पुनः एकत्र झाल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उबुंटूच्या ७.१० या आवृत्तींत, यंत्रास झेपत असेल तेथें, कॉम्पिझ आपोआप सुरू होऊं लागला.

वेगळें निघतांना कोणाचा कागद कोणी लपविला नाहीं, आणि परत येतांना कोणास हिशेब मागावा लागला नाहीं. मुक्त प्रणालींत मूळ लेखन सर्वांस खुलें असतें. ज्यास पटत नाहीं त्यानें तें उचलून आपल्या मतें पालटावें, आणि चांगलें निघालें तर पहिल्यानें तें परत घ्यावें, हा तेथील धर्म. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस यांतील मोल समजावून सांगावयास नको. वाटण्या झाल्यावरही विहीर सामाईक राहिली, तर पुढची पिढी तहानेली राहत नाहीं.

बसविण्याची रीत

प्रथम यंत्राची नाडी पाहावी. सेटिंग्जमध्यें यंत्राविषयींची माहिती देणारें पान असतें. तेथें ग्राफिक्सच्या ओळीपुढें इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकीं नांव असल्यास पुढें जावें. तेथें 'एलएलव्हीएमपाइप' असें दिसलें, तर चित्रणाचा गणक कामास लागलेला नसून सगळें ओझें मुख्य गणकावर पडत आहे, असें समजावें. अशा स्थितींत दृश्यपरिणाम सुरू करणें म्हणजे आजाऱ्याकडून सूर्यनमस्कार घालविणें होय. आधीं योग्य ड्रायव्हर बसवावा. इंटेल व एएमडीचे ड्रायव्हर बहुधा लिनक्सबरोबरच येतात. एनव्हिडियाचा पुष्कळदां वेगळा घ्यावा लागतो.

नवशिक्यास सर्वांत सोपा मार्ग केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपचा. कुबुंटूसारख्या वितरणाबरोबर तो तयारच मिळतो. त्याचा संयोजक 'केविन' हा २००८ सालच्या जानेवारींत निघालेल्या केडीई ४ पासून अशीं कामें करीत आला आहे. 'सिस्टिम सेटिंग्ज' उघडून शोधाच्या चौकटींत 'डेस्कटॉप इफेक्ट्स' असें टंकावें. समोर येणाऱ्या यादींत 'वॉब्ली विंडोज' म्हणजे थरथरणाऱ्या खिडक्या आणि 'मॅजिक लॅम्प' म्हणजे जादूचा दिवा यांपुढें खूण करून 'अप्लाय' दाबावें. खुणेच्या ओळीवरील सेटिंगच्या बटणांतून थरथर कमी-अधिक करतां येते. फिरणारा घन, ज्यास 'क्यूब' म्हणतात, तो प्लाझ्मा ५ च्या उत्तरकाळांत वगळला गेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्यें प्लाझ्मा ६ बरोबर तो परत आला. त्यासाठीं आधीं 'व्हर्च्युअल डेस्कटॉप्स' या पानावर चार डेस्कटॉप करून घ्यावे, म्हणजे घनाच्या चारी बाजू भरतात. नंतर विंडोजचें चिन्ह असलेली कळ दाबून धरून 'सी' दाबली, कीं घन प्रकट होतो व माऊसनें किंवा बाणांच्या कळांनीं फिरवितां येतो.

ज्यांस मूळचा कॉम्पिझच पाहावयाचा असेल, त्यांनीं माटे डेस्कटॉपची वाट धरावी. सॉफ्टवेअर भांडारांतून कॉम्पिझ व त्याचा 'कॉम्पिझ-कॉन्फिग सेटिंग्ज मॅनेजर' हे दोन्ही घ्यावे, आणि 'माटे ट्वीक' या साधनांत खिडक्यांचा व्यवस्थापक म्हणून कॉम्पिझ निवडावा. नंतर सेटिंग्ज मॅनेजरमध्यें तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें. पहिली, 'विंडो डेकोरेशन', 'मूव्ह विंडो' आणि 'रिसाइझ विंडो' यांवरील खुणा काढूं नयेत. पहिलीची खूण नसेल तर खिडक्यांच्या माथ्यावरील पट्ट्या व मिटण्याच्या फुल्या नाहींशा होतात, आणि नवखा माणूस घाबरतो. खूण परत केली, कीं त्या परत येतात. दुसरी, 'जनरल ऑप्शन्स'मध्यें डेस्कटॉपचा आडवा आंकडा ४ व उभा १ ठेवावा. तिसरी, 'डेस्कटॉप क्यूब' व 'रोटेट क्यूब' हे दोघेही निवडावे. ते 'डेस्कटॉप वॉल'शीं जुळत नाहींत, म्हणून तसा प्रश्न विचारला गेल्यास वॉलला रजा द्यावी. मग कंट्रोल व आल्ट या कळा धरून डावा-उजवा बाण दाबला, कीं घन वळतो. कॉम्पिझ हा एक्स व्यवस्थेवरच चालतो, हें येथें सांगून ठेवावयास पाहिजे. नव्या 'वेलँड' व्यवस्थेंत संयोजक व पडद्याचा कारभारी हे एकच असतात. तेथें कॉम्पिझच्या चाहत्यांसाठीं 'वेफायर' नांवाचा संयोजक आहे.

उबुंटूच्या नेहमींच्या गनोम डेस्कटॉपवर अशीं कामें 'एक्स्टेन्शन' नांवाच्या जोडण्यांनीं होतात. 'डेस्कटॉप क्यूब', 'बर्न माय विंडोज' वगैरे जोडण्या प्रसिद्ध आहेत. गनोमची आवृत्ति बदलली, कीं जुनी जोडणी कधीं कधीं रुसते. तिची नवी आवृत्ति येईपर्यंत धीर धरावा.

हें सर्व एका बैठकींत करूं नये. एक परिणाम सुरू करावा, दोन दिवस वापरावा, रुचला तर ठेवावा, मग दुसरा. स्वयंपाकांत सगळे मसाले एकदम घातले, तर कोणता बिघडला हें कळत नाहीं.

एक घर, अनेक प्रकृति

आतां मुख्य गोष्ट. कानाच्या अंतर्भागांत तोल राखणारें एक इंद्रिय असतें. डोळे जेव्हां "सारें फिरत आहे" असें सांगतात आणि तें इंद्रिय "आपण स्वस्थ बसलों आहों" असें सांगतें, तेव्हां मेंदूचा गोंधळ उडतो. कोणास मळमळतें, कोणास घेरी येते. गाडींत वाचतांना कित्येकांस होणारा त्रास याच जातीचा. ज्यांस भोंवळीचा विकार आहे, त्यांस फिरणारा घन हा विनोद नसून दुःख आहे. घरांतील आजोबा संगणकाजवळ जाण्याचें टाळूं लागले, तर ते नव्या विद्येस विटले असें एकदम ठरवूं नये. पडदा तर गरगर फिरत नाहीं ना, हें आधीं पाहावें.

सुदैवानें लिनक्सवर प्रत्येक माणसास स्वतःचें वेगळें खातें देतां येतें, आणि हे दृश्यपरिणाम ज्याच्या त्याच्या खात्यापुरतेच राहतात. नातवाच्या खात्यांत घन खुशाल फिरूं द्यावा. आजोबांच्या खात्यांत खिडकी जेथल्या तेथें उघडावी व जेथल्या तेथें मिटावी. गनोममध्यें 'ॲक्सेसिबिलिटी' या सदरांत पडद्यावरील हालचाल थांबविण्याची कळ आहे. प्लाझ्मामध्यें हालचालीच्या वेगाची एक सरकपट्टी आहे. ती 'इन्स्टंट' या टोंकास नेली, कीं सर्व काम क्षणांत उरकतें. भाषांच्या यादींत मराठीही आहे. भाषांतर सर्वत्र पुरें झालेलें नसलें, तरी आजींच्या खात्यांत ती निवडून पाहावयास हरकत नाहीं. यंत्र एक आणि व्यवस्था प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणें, ही गोष्ट आपल्या घरांतील ताटांवर आपण नित्य पाहतोंच. एकास तिखट, एकास अळणी. चूल मात्र एकच.

शोभा केव्हां सार्थ होते

हालचालीस अर्थ असेल, तर ती शोभा राहत नाहीं, भाषा होते. मिटलेली खिडकी तळच्या पट्टींतील आपल्या जागीं जातांना दिसली, तर ती पुनः कोठें शोधावी हें कोणास विचारावें लागत नाहीं. घन डावीकडे वळला, तर आपलें पत्र उजवीकडच्या बाजूवर राहिलें हें शरीरास आपोआप उमजतें. नवशिक्या वृद्धांस देखील हलकी, मंद हालचाल पुष्कळदां उपकारक ठरते, कारण वस्तु एकाएकीं नाहींशी झाली म्हणजे आपल्या हातून कांहीं बिघडलें, अशी त्यांस धास्ती वाटते. उलट जी खिडकी दर वेळीं ज्वाळांत भस्म होते, ती पहिल्या दिवशीं गंमत वाटते आणि आठव्या दिवशीं अडथळा. लॅपटॉपची बॅटरीही ती लवकर खाते.

म्हणून कसोटी साधी ठेवावी. कोणताही परिणाम आठवडाभर वापरल्यावर स्वतःस विचारावें, कीं यानें मला कांहीं दाखविलें, कीं केवळ थांबविलें? ज्यानें दाखविलें तो ठेवावा. ज्यानें थांबविलें तो काढावा. आणि घरांतील मुलांनीं हे परिणाम सुरू केले, तर त्यांवर रागावण्यापूर्वीं त्यांस एवढेंच सांगावें, कीं "बाळांनों, घर्षणाचा आंकडा बदला आणि खिडकी अशी कां डुलते, तें आम्हांस समजावून सांगा." उत्तर देतां आलें, तर वीज वायां गेली नाहीं असें खुशाल समजावें.